अंगण खरेंच वाकडें असतें

गेल्या डिसेंबरांत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या असतां घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतों. कारण हा लेख लिहिण्याचें खरें कारण तीच आहे. मुलींच्या खेळांत फुगडी ठेवली होती. तालमीच्या तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें भर वेगांत असतां जोडीदारणीचे हात सोडले आणि कशीबशी भिंतीपर्यंत जाऊन ती डोकें धरून खालीं बसली. चेहरा पांढरा पडला होता व कपाळावर घाम आला होता. मी जवळच उभा होतों. थट्टेनें मीं म्हटलें, "नाचतां येईना, अंगण वाकडें!" सगळ्या मुली हंसल्या. ती मात्र हंसली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती तालमीस आली नाहीं, आणि संमेलनाच्या दिवशीं मीं तिला पाहिलें तें पाहुण्यांना चहाचे पेले देतांना.

म्हण मोठी सोयीची आहे. शिक्षकाच्या तोंडीं तर ती आयती बसते. पण त्या रात्रीं मला नीटशी झोंप लागली नाहीं; कारण आमच्या शाळेंत ती म्हण ज्याला सर्वांच्या अगोदर लागू पडावी असा गृहस्थ मीच आहें, आणि मला पक्कें ठाऊक आहे कीं, पुष्कळ वेळां अंगण खरेंच वाकडें असतें.

मी नगर जिल्ह्यांतील एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा. आमच्या घरीं गाणें भरपूर होतें; पेटी आणि टाळ यांवांचून एक रविवार गेला नाहीं. परंतु नाच हा शब्द उच्चारला जाई तो "नाचूं नको, स्वस्थ बैस" एवढ्याच संदर्भांत. पुढें माझें लग्न झालें तें वसईकडील मुलीशीं. तिकडे लग्नांत बँड वाजूं लागला कीं आजोबांपासून नातवांपर्यंत सारें घर उठतें, आणि जो उठत नाहीं त्याला ताप आला आहे असें समजतात. आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षीं मेहुण्याच्या लग्नांत मलाही हात धरून उभें केलें. वॉल्ट्झ चालू होता. तीन वेढे कसेबसे झाले. चौथ्या वेढ्यास मांडवाचे खांब चालूं लागले, दिवे एकमेकांत मिसळले, आणि मी जो बाहेर धांवलों तो एका नारळीच्या बुंध्याशीं जाऊन थांबलों. लग्नाचें जेवण तेथेंच सोडून परत आलों, तेव्हां कोणी तरी हळूच म्हणालें, "जावईबापूंनीं जरा जास्त घेतलेली दिसते." मीं आयुष्यांत कधीं थेंबभर घेतलेली नाहीं! पण घेरीचा आणि दारूचा चेहरा दुरून सारखाच दिसतो. तेव्हां भांडायचें तरी कोणाशीं?

त्यानंतर अकरा वर्षें मी नाचलों नाहीं. कधीं गुडघा दुखे, कधीं तपासावयाच्या पेपरांचा गठ्ठा बरोबर असे. पत्नीनें एकदांही आग्रह केला नाहीं, आणि दुसऱ्या कोणाबरोबर ती उठलीही नाहीं. प्रत्येक लग्नांत ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राही. एकदां हातांतला रुमाल पडला म्हणून मी खालीं वांकलों, तेव्हां मला दिसलें कीं, खुर्चीखालीं तिचें पाऊल ताल धरीत होतें. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. त्या दिवसानंतर गुडघ्याचें निमित्त सांगतांना माझी जीभ अडखळूं लागली.

पत्नीचे एक मामा आहेत. वयाची सत्तरी त्यांनीं केव्हांच ओलांडली आहे, आणि तरीही रात्रीं अकरापर्यंत ते नाचतात व सकाळीं पहिल्या गाडीनें कामावर जाणाऱ्या मुलांना स्टेशनावर पोंचवून येतात. एका साखरपुड्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं मला ओसरीवर गांठलें आणि वैद्यानें विचारावें तसे प्रश्न विचारले. नाचतांना कोठें पाहतां? "पायांकडे," मी म्हणालों. "पाय कोठें पळून जात नाहींत," ते म्हणाले. त्या दिवशीं काय खाल्लें होतें? पोट भरून जेवलों होतों. पायांत काय होतें? रबरी तळव्याचे नवे बूट. मामा हंसले. "मग तुम्ही नाचलांत कोठें, मास्तर? तुम्ही तर स्वतःशीं कुस्ती केलीत."

या तीन प्रश्नांपैकीं पहिल्याचें उत्तर मीं पुढें पुस्तकांत शोधलें, आणि तें इतकें मनोवेधक निघालें कीं विद्यार्थ्यांसाठीं तें थोडें विस्तारानें देतों. आपल्या कानाच्या अगदीं आंतील भागांत, ऐकण्याच्या शंखाशेजारीं, तीन अर्धवर्तुळाकार बारीक नळ्या आहेत. एकमेकींशीं जवळजवळ काटकोनांत असल्यामुळें डोकें कोणत्याही दिशेनें फिरो, त्याची वर्दी त्यांतली एखादी तरी देतेच. नळ्यांत द्रव भरलेला असतो. पाण्यानें भरलेली परात एकदम फिरवून पाहा. परात फिरते, पाणी जागच्या जागीं राहूं पाहतें. कांहीं वेळानें पाणीही परातीबरोबर फिरूं लागतें. आणि परात एकदम थांबविली तर पाणी फिरतच राहतें. कानांतही तेंच होतें. मागें राहिलेला द्रव नळीच्या तोंडाशीं असलेल्या एका मऊ पडद्याला ढकलतो, पडद्यांतील सूक्ष्म केसांस वांक येतो, आणि मेंदूस समजतें कीं आपण फिरत आहों. एकसारख्या वेगानें फिरत राहिलें तर अर्ध्या मिनिटाच्या आंतबाहेर ती जाणीव विरते. मग आपण थांबतों. पण द्रव थांबत नाहीं. तो पडद्यास उलट बाजूस ढकलतो. डोळे सांगतात, "उभा आहेस". कान सांगतात, "उलटा फिरतो आहेस". कानांच्या सांगण्यावरून डोळ्यांचीं बुबुळें झटके देऊं लागतात, आणि मांडवाचे खांब चालूं लागतात. मेंदूच्या दरबारांत दोन साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देऊं लागले कीं शिक्षा बिचाऱ्या पोटाला होते.

हें ज्ञान माणसाला सहज मिळालें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्लुरांस नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें कबुतरांच्या या नळ्या कापून पाहिल्या, तेव्हां तीं पांखरें डोकें गरगरां फिरवूं लागलीं व त्यांचा तोल गेला. पुढें 1873 ते 1875 या काळांत माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राऊन या तिघांनीं निरनिराळ्या गांवीं बसून, जवळजवळ एकाच वेळीं, द्रवाची ही उपपत्ति मांडली. त्यांपैकीं ब्रॉयर हा व्हिएन्नाचा. त्याच शहरांत रॉबर्ट बारानी नांवाचा कानाचा डॉक्टर रोग्यांचे कान पाण्यानें धुई, आणि रोगी घेरी येते म्हणून कुरकुरत. गार पाण्यानें बुबुळें एका बाजूस झटके देत, ऊन पाण्यानें दुसऱ्या बाजूस. दुसरा कोणी असता तर त्यानें रोग्यांना "नाजूक" म्हणून वाटेस लावलें असतें. बारानीनें तसें केलें नाहीं. त्या कुरकुरीचाच त्यानें अभ्यास केला, आणि 1914 चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. बातमी पोंचली तेव्हां तो पहिल्या महायुद्धांत रशियनांच्या बंदिवासांत होता. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीनें 1916 सालीं त्याची सुटका झाली.

व्हिएन्ना हें वॉल्ट्झचें माहेरघर. जलद व्हिएन्नी वॉल्ट्झमध्यें एका मिनिटांत तीन-तीन मात्रांचे सुमारें साठ खंड वाजतात, आणि दोन खंडांत जोडप्याचा एक पुरा वेढा होतो. गणित सोपें आहे: मिनिटांत तीस वेढे, म्हणजे दोन सेकंदांस एक, आणि तीन मिनिटांच्या एका गतींत नव्वद! माझ्या चौथ्याच वेढ्यास माझें जेवण उतरलें यांत नवल तें काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत जो संथ वॉल्ट्झ रूढ झाला त्याची गति याच्या जवळजवळ निम्मी आहे. नवशिक्यानें तेथून आरंभ करावा हें कोणालाही सुचेल. पण आमच्या लग्नांत बँडवाला नवशिक्याला विचारून वाजवीत नाहीं.

गंमत अशी कीं, वॉल्ट्झवर टीका करणाऱ्यांची कधींच वाण नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस या नाचानें एक सबंध पिढी शरीरानें व मनानें दुबळी होत आहे असें सांगणारी पुस्तिका जर्मनींत निघाली होती. 1816 सालीं राजदरबाराच्या समारंभांत वॉल्ट्झ झाला म्हणून लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें नाक मुरडलें होतें. परंतु ज्याला घेरी येते त्यानें काय करावें हें सांगण्याची तसदी नाक मुरडणाऱ्यांनीं घेतलेली दिसत नाहीं. नाचणाऱ्यांनीं मात्र उपाय शोधले. एकाच बाजूनें न फिरतां थोडें उजवीकडे व थोडें डावीकडे फिरावयाचें, मध्यें कांहीं खंड नुसतें झुलावयाचें, हा त्यांतला मोठा उपाय. व्हिएन्नाच्या ऑपेराच्या सुप्रसिद्ध नृत्यसमारंभांत उद्घाटनास उतरणाऱ्या तरुण जोड्यांना डावीकडून फिरणारा वॉल्ट्झ यावाच लागतो. तो कठीण असतो, म्हणून त्याची तयारी आधीं करून यावें लागतें.

संवयीनें फरक पडतो हें आतां मेंदूची छायाचित्रें घेऊनही पाहण्यांत आलें आहे. 2013 सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं बॅले करणाऱ्या 29 स्त्रिया आणि नावा वल्हविणाऱ्या 20 स्त्रिया यांना अंधाऱ्या खोलींत फिरत्या खुर्चीवर बसवून फिरविलें. खुर्ची थांबल्यावरही आपण फिरत आहों असा भास नर्तकींना फार कमी वेळ झाला. आणि कानाकडून येणारी वर्दी लहान मेंदूच्या ज्या भागांत पोंचते तो भाग त्यांच्यांत लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावानें मेंदू त्या खोट्या साक्षीकडे दुर्लक्ष करावयास शिकतो, असा त्याचा अर्थ लावतात. आपल्याला बॅले करावयाचा नाहीं. पण रोज दोन-चार मिनिटें, अर्धा वेढा, मग पुरा, मग दोन, असें करीत गेलें तर आपलाही कान थोडा शहाणा होतो. मीं तीन आठवडे ओसरीवर हें केलें. शेजारच्या मुलांनीं कुंपणावर बसून तें पाहिलें, तीही एक तपश्चर्याच.

मामांचा उपदेश या सर्वांशीं जुळणारा होता. जमिनीकडे पाहूं नये. मान खालीं घालून फिरलें म्हणजे निराळ्या नळ्या जाग्या होतात आणि घोटाळा दुप्पट होतो. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे किंवा खांद्यावरून समोर पाहावें, कारण आपल्याबरोबर फिरणारी तीच एक वस्तु स्थिर दिसते. एकदम थांबूं नये. शेवटचे वेढे हळू करावे. पोट गच्च नसावें, पण उपाशीही नसावें. घेरी आलीच तर डोळे मिटूं नयेत. एका दिव्याकडे किंवा खांबाकडे पाहत उभें राहावें, नाहींतर सरळ बसावें. आणि मी माझ्या पदरचें एक घालतों: नाच सोडून बिछान्यांत कूस बदलतांनाही घर फिरतें असें ज्याला वाटतें, किंवा घेरीबरोबर ज्याला ऐकूं कमी येतें, त्यानें नाचाचा सराव वाढविण्याऐवजीं डॉक्टरकडे जावें, कानाच्या कांहीं विकारांना चांगले उपचार आहेत.

हें सर्व वाचीत असतां मला माझ्या आत्याची आठवण झाली. ती फुगडी घालणाऱ्या शेजारणींबरोबर वाढलेली. नागपंचमीच्या दिवसांत लहान मुलींना ती सांगे, "माझ्या नाकाकडं बघ, आभाळाकडं बघूं नको, आणि हात गच्च धर." एक फुगडी सरळ झाली कीं दुसरी उलट्या बाजूनें. आत्याला अक्षरओळख बेताचीच होती. आमच्या तालमींत मात्र मुलींना आम्हीं सांगितलें होतें कीं फुगडी घालतांना प्रेक्षकांकडे हंसून पाहा! त्या बिचाऱ्या मुलीनें तेंच केलें होतें.

पायांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. रबरी तळवा जमिनीस चिकटतो. अंग वळतें, पाऊल वळत नाहीं, आणि मधल्यामध्यें गुडघा पिळला जातो. घसरता चामडी तळवा बरा, पण तो फार गुळगुळीतही नको. नवे जोडे लग्नाच्या दिवशीं प्रथम घालूं नयेत हें कोणत्याही आईस ठाऊक असतें. तरी प्रत्येक लग्नांत नवरीच्या टांचेला फोड असतोच. उंच टांचांनीं सारा भार पुढच्या पंज्यावर येतो. मुलांना आपण सिमेंटच्या अंगणांत अनवाणी तासतासभर उड्या मारावयास लावतों आणि मग पोटऱ्या दुखतात म्हणून त्यांना आळशी म्हणतों. गुडघे ताठ नसावे. जोडीदाराच्या खांद्यावर लोंबकळूं नये. आणि श्वास घ्यावा! हें सांगणें हास्यास्पद वाटेल. परंतु पावलें मोजण्याच्या नादांत श्वास कोंडून धरणारे नवशिके मीं पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत मीही होतों.

आणखी एक अंगण आम्हीं आपल्या हातांनीं वाकडें केलें आहे, तें ध्वनिक्षेपकाचें. हल्लीं लग्नांत आणि संमेलनांत कर्णे असे लावतात कीं छातीच्या फासळ्या हलतात. ज्या कानावर तोलाची सारी भिस्त, त्याच कानांत रात्रभर घणाचे घाव घालावयाचे, आणि मग तरुण पिढीला दम नाहीं म्हणावयाचें! दुसऱ्या दिवशीं ज्याच्या कानांत शीळ वाजत राहते त्याला इजा झालेली असते, हें तरी व्यवस्थापकांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां माझें म्हणणें. शाळेंत नाच असावा कीं नसावा हा वाद आमच्या वडिलांच्या पिढीनें पुष्कळ केला. कराराच्या कोशापुढें दावीद राजा नाचला हें एका पक्षानें सांगावें, आणि हेरोदाच्या वाढदिवसाचा नाच दुसऱ्यानें काढावा, असा तो चाले. तो वाद आज उरलेला नाहीं, कारण नाच प्रत्येक शाळेंत शिरून बसला आहे. पण कोणता नाच? पाहण्याचा. पंचवीस मुलें निवडावयाचीं, तीं एका मापाचीं, एका रंगाच्या पोशाखांत; त्यांनीं चित्रपटांतील गाण्यावर कवाईत करावयाची; आणि उरलेल्या सहाशें मुलांनीं टाळ्या वाजवावयाच्या. ज्याला घेरी येते, ज्याचा पाय अधू आहे, जो जाड आहे, जो लाजतो, तो पहिल्याच दिवशीं बाद. मला हें मान्य नाहीं. सर्वांनीं मिळून नाचण्याचा नाच निराळा असतो. त्यांत चुकणाऱ्यालाही जागा असते, म्हाताऱ्यालाही असते. लेझीम घ्या: ज्याला फिरकी झेपत नाहीं त्यानें जागेवर ताल धरला तरी फळी मोडत नाहीं. गोव्याचा मांडो घ्या: स्त्रीपुरुष समोरासमोर उभे राहून संथ लयींत पुढें-मागें होतात, स्त्रियांच्या हातीं पंखा असतो, कोणी कोणास कवटाळीत नाहीं, गरगरां फिरणें नाहीं, जलद गति हवी असेल तर मागाहून दुलपद आहेच. ज्या मुलामुलींस दुसऱ्याचा स्पर्श नको वाटतो त्यांची अडचणही अशा नाचानें आपोआप टळते; आणि ती अडचण खरी आहे, तिची थट्टा होऊं नये.

माझे एक सहकारी म्हणतात, "शाळेनें अशक्तांची इतकी मनधरणी केली तर संमेलन रंगणार कसें?" संमेलन कदाचित् नाहीं रंगणार. पण शाळा सुटल्यावर या मुलांच्या आयुष्यांत संमेलनें किती यावयाचीं? लग्नें, बारशीं, सणवार मात्र पन्नास वर्षें येत राहतील, आणि त्या पन्नास वर्षांत खुर्चीवर कोणी बसून राहावयाचें हें आपण तेराव्या वर्षीं एका म्हणीनें ठरवून टाकतों. माझ्यापुरतीं अकरा वर्षें गेलीं. त्यांत माझ्या एकट्याचींच गेलीं असें नाहीं.

गेल्या मे महिन्यांत भाचीच्या लग्नांत मी दोन वॉल्ट्झ नाचलों. दोन्ही संथ होते. तिसरा जलद निघाला, तेव्हां मी खुर्चीवर बसलों आणि पत्नी मामांबरोबर नाचली. नारळीपर्यंत जावें लागलें नाहीं.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर मीं त्या मुलीची, वर्गांतील सर्वांसमक्ष, क्षमा मागितली. कारण थट्टाही सर्वांसमक्षच केली होती. परातीचा प्रयोग वर्गांत करून दाखविला, त्यांत माझें धोतर भिजलें व मुलांना फार आनंद झाला. यंदा दिवाळीच्या सुटीनंतर दर शुक्रवारीं मधल्या सुटींत, कर्ण्यावांचून, ज्याला वाटेल त्यानें यावें असा सर्वांच्या नाचाचा वर्ग भरवावयाचा आहे, त्याला येशील का असें मीं तिला विचारलें. ती म्हणाली, "विचार करून सांगतें, सर." तिचा विचार अजून चालू आहे.